विंचवावरचं पान

माणसांची वस्ती अजून लांब होती, तेव्हाची गोष्ट. एका उंबराखाली रानातली सगळी पाखरं-जनावरं जमत आणि काय खावं, काय टाळावं, ते एकमेकांना सांगत. नुसत्या सांगण्याने पटत नसे, म्हणून पानं-फळं दाखवावी लागत. ती ठेवायला साळींदराने आपलं बीळ फुकट देऊ केलं. तेव्हापासून सभा चालवणारी मैना कुणी काही विचारलं की एवढंच म्हणे, "बिळात जाऊन बघ."

एका दुपारी सशिणीच्या पिलाला विंचू चावला. विंचवावर उतारा असलेल्या पानासारखंच दिसणारं दुसरं एक पान जीवघेणं होतं. मैना नमुना बघायला उडाली, तर बिळाचं तोंड बुजवलेलं.

"साळींदरदादा, दार उघडा. पिलू तडफडतंय."

"पानं कुजायला लागली होती. कालच ओढ्यात फेकली," आतून आवाज आला. "कायमची ठेवीन, असं मी म्हटलं होतं का?"

म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मैना परतली. सशीण दोन्ही पानं पुढ्यात घेऊन बसली होती. "मैनाताई, यातलं कोणतं?"

मैनेला आठवेना. पिलाचे पाय गार पडत चालले होते.

वरून चिमणी चाचरत म्हणाली, "विंचवावरचं एक पान मी बिळातून पळवलं होतं. घरट्यात आहे. ओरडणार नसाल तर आणते."

"आण गं, लवकर."

चिमणीने आणलेल्या पानाशी जुळवून सशिणीने दोन्हींतलं खरं पान चघळलं आणि जखमेवर लावलं. सांजेला पिलू उठून बसलं. चिमणी अजून मान खाली घालून होती.

मैना सभेला म्हणाली, "उद्यापासून इथे जे दाखवाल, त्यातलं एकेक प्रत्येकाने हिच्यासारखं पळवायचं."