जुन्या निविदेतला रुग्ण

एकदा एका गावात संगणकप्रणाली तयार करून देणारा एक व्यापारी होता. मनाने चांगला, पण हात जरा आखडता. त्याच्या कचेरीत एक वृद्ध आचार्य सल्ला देण्यासाठी येत आणि त्यांची एक शिष्या तिथे काम करी.

गावच्या धर्मादाय रुग्णालयाने नव्या प्रणालीसाठी निविदा मागवल्या. शिष्येच्या हाताखालच्या माणसांना त्या वर्षी दुसरे काम नव्हते. हे हुकले तर त्यांना घरी बसावे लागणार होते. ती व्यापाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "शेठ, निविदा लिहिण्याआधी आम्हाला थोडे दिवस रुग्णालयात जाऊन बसू द्या."

"काम मिळायच्या आधीच खर्च?" शेठ उखडले. "आणि नाही मिळालं तर? अगं, साखर कारखान्याची जुनी निविदा आहे की! कारखान्याच्या जागी रुग्णालय घाल, उसाच्या जागी रुग्ण, आणि दे पाठवून. एका संध्याकाळचं काम!"

आचार्य आपली बाजू घेतील अशी शिष्येची खात्री होती. पण ते शांतपणे म्हणाले, "शेठ सांगतात तसंच कर."

ती मनातून खट्टू झाली. तरी गुरूंचा शब्द तिने मोडला नाही. संगणकावर शब्द बदलले, कागद छापून आणले. आचार्यांनी ते शेठजींपुढे ठेवले. "सही करण्याआधी जरा मोठ्यानं वाचा."

शेठ ऐटीत वाचू लागले. "रुग्ण येताच गाडीसकट वजनकाट्यावर घेतला जाईल. नंबर लागेपर्यंत तो आवारात उभा राहील. त्यानंतर त्याला गव्हाणीतून चरकात सोडून..." शेठ थबकले. आधी शिष्येला हसू फुटले, मग शेठजींना. हसता हसता त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

आचार्य मात्र हसले नाहीत. "ही चूक बरी, शेठ. हिचं हसू येतं, म्हणून ती सापडते. पण 'नंबर लागेपर्यंत उभा राहील' हे वाक्य तुम्ही न अडखळता वाचलंत. कारखान्यात ऊस ताटकळला तर वजन घटतं. इथे कोणाचा तरी बाप ताटकळत असेल. निविदा म्हणजे आपण दिलेला शब्द. ज्यांना कधी भेटलो नाही, त्यांना कसला शब्द द्यायचा? ही पोर खर्च मागते आहे तो त्यांना भेटण्याचा. काम नाही मिळालं तर तो बुडेल, हे खरं. पण न भेटता काम मिळालं, तर शब्द खोटा पडेल."

शेठजींनी कागद बाजूला सारले. मग ते शिष्येला म्हणाले, "जा, बसा."

रुग्णालयात एका परिचारिकेने तिला सांगितले, की एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या शेजारशेजारच्या खाटांवर आल्या की आपला जीव टांगणीला लागतो. औषध देताना दरवेळी त्यांच्या मुलांची नावे विचारून खात्री करावी लागते. शिष्येने निविदेची सुरुवात तिथूनच केली. ती वाचून विश्वस्त एकमेकांना म्हणाले, "ही माणसं आपल्याकडे येऊन बसलेली दिसतात." काम त्यांनाच मिळाले.

शिष्या भरल्या मनाने आचार्यांच्या पाया पडायला वाकली. "सर, तुमचे उपकार कसे फेडू?"

आचार्यांनी पाय मागे घेतले. "माझे कसले? त्या परिचारिकेला कळवलंस का?"

कळवले नव्हते. ती तशीच निघाली. पेढे घेऊन रुग्णालयात पोहोचली, तर परिचारिकेच्या टेबलावर पेढ्यांचा एक पुडा आधीच उघडलेला होता आणि शेजारच्या बाकावर शेठ बसले होते. "आणखी कशाकशाची अडचण होते हो तुम्हाला?" ते विचारत होते.

शिष्येने आपला पुडा त्या पुड्याशेजारी ठेवला आणि तीही ऐकायला बसली.