आठ भुजांचे दान

पूर्वी शूर्पारक बंदरात सुकेतु राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व, नांगराचा दोर पुरत नाही इतक्या खोल समुद्रात, माकूळ नावाचा मऊ अंगाचा जलचर होऊन जन्मला. राजाला खोल पाण्यातल्या या प्रजेची खबर नव्हती आणि या प्रजेचेही राजावाचून काही अडत नव्हते.

त्या माकुळाचे नाव दीपभुज. त्याला आठ भुजा होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाशी इवलासा दिवा. संकट आले की या जातीचा माकूळ एक भुजा तोडून टाकतो. तुटलेली भुजा लुकलुकत वळवळत राहते, शत्रू तिच्यामागे जातो आणि माकूळ निसटतो. भुजा पुन्हा उगवते, पण फार सावकाश.

शेजारी दुसऱ्या जातीची माकूळ मादी तमाली राहत होती. तिने आपली तीन हजार अंडी एका पातळ पडद्यात धरून मिठीत सांभाळली होती. सहा महिने ती उपाशी होती. हातच गुंतलेले, तर खाणार कशाने? मधूनमधून हात हलवून ती अंड्यांना ताजे पाणी देई. त्या ओझ्याने तिला जोराने पोहता येत नसे.

पिल्ले निघायला एक दिवस उरला असताना दंतुर नावाची मुशी, एक मोठा शिकारी मासा, तिथे शिरली. मुशी आली की दिवे मालवायचे आणि आपापले बघायचे, ही तिथली रीत. सगळ्यांनी दिवे मालवले. पण कर्बुर नावाचा माकूळ वरच्या उजेडातल्या पाण्यातून नुकताच खाली राहायला आला होता. त्याने जुन्या सवयीने काळी शाई सोडली. आधीच मिट्ट काळोख, तिथे शाईने कोण फसणार? उलट तमालीजवळचे पाणी ढवळले आणि मुशी थेट तमालीकडे वळली.

तमाली म्हणाली, "दादा, अंडी सोडली तर मी वाचेन. पण सोडवत नाहीत हो."

"सोडू नकोस, बाई. घट्ट धर," बोधिसत्त्व म्हणाला आणि त्याने आपले आठही दिवे एकदम उजळले.

मुशी त्याच्याकडे धावली. त्याने एक भुजा टाकली. ती गिळून मुशी परत तमालीकडे वळू लागली, तेव्हा त्याने थोडे पुढे जाऊन दुसरी टाकली. मग तिसरी. वेदना होत होत्या, पण तो तिला दूर दूर नेत राहिला.

कर्बुर मागून ओरडला, "पुरे झाले, दादा! भुजांवाचून खाल कसे?"

"तिच्या मिठीत तीन हजार पोटे आहेत. माझे एकच आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

आठवी भुजा गिळेपर्यंत मुशी एका दूरच्या दरीपाशी पोचली होती. पोट भरल्यावर ती तिथूनच निघून गेली आणि बोधिसत्त्व हळूहळू पोहत परतला.

दुसऱ्या दिवशी पिल्ले बाहेर पडली. तमाली म्हणाली, "दादा, आपल्या माकुळांना तीन काळजे असतात. माझी तिन्ही तुमचे उपकार मानतात." तिचे बळ संपले होते. पिल्ले लांब जाईपर्यंत ती पाहत राहिली आणि शांतपणे गेली.

बोधिसत्त्व भुकेने तळाशी पडून होता. कर्बुर जवळ आला. माकूळ माकुळाला खातो, ही जुनी चाल. बोधिसत्त्व म्हणाला, "ये बाबा. उरलेले तुझ्या कामी येवो."

"असे काय बोलता, दादा? तोंड उघडा," कर्बुर म्हणाला. त्याच्या हातात एक कोळंबी होती. माकुळाच्या अन्नाची वाट मेंदूच्या मधून जाते, मोठा घास डोक्याला दुखवतो. म्हणून कर्बुराने ती आपल्या तोंडातल्या पोपटासारख्या चोचीने मोहरीएवढी बारीक केली आणि एकेक कण भरवला. मग इतर शेजारीही येऊ लागले. भुजा उगवेपर्यंत एकाही दिवसाचा खाडा झाला नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तमाली ती आज आजाऱ्यांची सेवा करणारी भिक्षुणी सुरसा. मुशी तो दरोडे सोडून आलेला, आपल्यासाठी लाकडे फोडणारा भद्दक. दीपभुज मी होतो. आणि कर्बुर हा समोर बसलेला भिक्षू कंबल."

कंबलाने मान खाली घातली. "भगवन्, शाई मीच सोडली होती."

"हो. आणि घासही तूच बारीक केलेस. द्यायला मला आधीपासून येत होते. घ्यायला तू शिकवलेस," असे म्हणून शास्त्यांनी त्याला हात जोडले.

या जातकातला गुण कृतज्ञता.