सात ठिकाणचं पाणी

“…मग निशाण आता कायमचं माझंच ना, महाराज?”

हणमंत काळेलनं खांद्यावरचं भगवं निशाण मठाच्या ओट्याला टेकवलं आणि विचारलं. धाप अजून बसली नव्हती. छाती मात्र चार बोटं वर आली होती.

सोमगीर महाराज दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रश्न काही उगाच नव्हता. अक्षय तृतीयेला नदीच्या घाटावरून हे निशाण निघतं ते सकाळी दहाला, ऊन तापायला लागल्यावर. ते खांद्यावर घेऊन सात कोस पळायचं आणि डोंगरावरच्या या मठात आणायचं. लागोपाठ तीन वर्षं ज्यानं आणलं, त्याच्याकडं ते पाय चालतायत तोवर राहतं. हा मान शेवटचा मिळाला तो खुद्द सोमगीर महाराजांना. पाय थकल्यावर त्यांनी निशाण खाली ठेवलं, त्याला पंधरा वर्षं झाली. त्यानंतर कुणाची डाळ शिजली नव्हती. कुणी दुसऱ्या वर्षी आडवा झाला, कुणी तिसऱ्या.

हणमंताचं हे तिसरं वर्ष. त्याला पळायला शिकवलं ते महाराजांनीच. पुढं शहरातल्या शर्यती त्यानं एकामागून एक मारल्या, घरात पदकं टांगायला खुंट्या पुरेनात. पण गावाकडं पदकाला कोण विचारतो? इथं निशाणाला मान. आज वर आला तेव्हा हलगीवाले अजून हलगी शेकत होते, इतका तो लवकर आला.

“एक तास अडतीस मिनटं,” त्यानं मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं धरलं. “गेल्या साली दोन तास बारा लागली हुती.”

“एवढा वेळ कुठं वाचवलास?” महाराजांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“पाण्यात. वाटेत सात ठिकाणी थांबा, तांब्या घ्या, ‘कसं काय, बरं हाय का’ करा… पाच-पाच मिनटं जात्यात. औंदा मी थांबलोच न्हाई. एक घोट न घेता सात कोस आलो, ह्या उन्हात. आजवर कुणी केलंय का असं, सांगा.”

“कुणाच्याच हातचं प्याला न्हाईस?”

“कुणाच्याच न्हाई.”

हे सांगताना गड्याला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की त्यानं जमलेल्या लोकांकडं एकदा वळून बघितलं.

महाराजांचा दोरीवरचा हात थांबला.

…

मग ते उठले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण उठताना भिंतीला हात लावला नाही. कफनी वर खोचली, निशाण खांद्यावर टाकलं आणि अनवाणीच मठाच्या पायऱ्या उतरायला लागले.

“महाराज, कुठं निघालात?”

“पाणी प्यायला.”

“अहो, रांजण हितं भरलाय की.”

महाराज उतरतच राहिले. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. म्हातारा उन्हानं चळला की काय, असं कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा. हणमंत चरफडत मागं निघाला. बक्षिसाच्या वेळेला गुरूनं पाठ फिरवावी, तीही गावादेखत, हे त्याला फार लागलं होतं. बारा वाजून गेले होते, डोंगराच्या पायवाटेवरचा मुरूम तव्यासारखा झाला होता.

एक कोस उतरल्यावर पायथ्याला टेकवडी ही वस्ती लागते. तिथं लिंबाच्या झाडाखाली साळूबाई बसली होती. शेजारी ओल्या फडक्यानं झाकलेला रांजण, मांडीवर चिंचेनं घासलेला तांब्या. सात ठिकाणी सात घरं हे पाणी देतात, त्यांतलं टेकवडीतलं घर तिचं.

“या महाराज,” ती उठली. उठताना तिचा तोल गेला, पण तिनं झाडाला धरून सावरलं. “ह्यो बी आला का? बरं झालं.”

“मावशी, मघाशी गडबडीत…” हणमंत म्हणाला.

“व्हय. मी तांब्या पुढं केला हुता. तुझा नुसता वारा लागला.”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हणमंताला जड गेलं. तिनं तांब्या भरला, पदरानं बूड पुसलं आणि त्याच्यापुढं धरला. तो प्याला. गार, वाळ्याचा वास असलेलं पाणी. पोट भरेपर्यंत प्याला, कारण तहान तर लागलेलीच होती.

त्यानं तांब्या परत दिला. तेव्हा साळूबाईनं रांजणात हात घातला, दुसरा तांब्या भरला आणि स्वतः तोंडाला लावला. घटाघटा. मध्ये श्वास न घेता. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं तरी तिनं तांब्या खाली केला नाही. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते, ते त्याला आता दिसलं.

“मावशी, तुम्ही कवापासनं पाणी प्याला न्हाई?”

“तांबडं फुटल्यापासनं. निशाणवाला प्याल्याबिगर आमच्या घराला पाणी चालत न्हाई आजच्या दिवशी. माझ्या सासूच्या सासूपासनं हाय हे.” तिनं मान ताठ केली. “एक बी साल चुकलं न्हाई.”

“हे मला कुणी सांगितलं न्हाई.”

“पळणाऱ्याला सांगायचं नसतं. त्याच्या खांद्यावर निशाणाचं वझं असतंय, त्यात आणि आमचं कशाला?”

हणमंतानं महाराजांकडं बघितलं. ते रांजणातलं पाणी ओंजळीनं पीत होते.

“म्हंजी बाकीची सहा घरं…”

साळूबाईनं मान हलवली.

त्यानं खिशातून मोबाइल काढला. “थांबा. फोन करून सांगतो, पिऊन घ्या म्हणून.”

“फोनवरनं तू पाणी पिणार का त्यांच्या हातचं?” महाराजांनी विचारलं.

“मग मोटारसायकल घेतो कुणाची तरी. अर्ध्या तासात सगळीकडं…”

“गाडीवरनं आलेल्याला आमी चहा देतो,” साळूबाई म्हणाली. “पाणी पायी आलेल्याला.”

झालं. वाद संपला. हणमंतानं मोबाइल तिच्या रांजणाशेजारी ठेवला, घड्याळही काढून ठेवलं, आणि निशाणाला हात घातला.

“राहू दे,” महाराज म्हणाले. “तुझे पाय अजून लई चालत्यात.”

आता याला काय म्हणावं? पाय चालतात म्हणून निशाण मिळत नाही, हे कुठलं शास्त्र? पण विचारत बसायला वेळ नव्हता. तो उलट्या दिशेनं पळत सुटला.

दुसऱ्या घरापर्यंत तो जोरात गेला. तिसऱ्या घरी मुलाण्यांची अमीनाचाची सावलीला बसली होती. जीभ टाळूला चिकटली होती, तिला नीट बोलताही येईना. तिनं नुसता तांब्या उचलला आणि हसली. त्यानं पाणी घेतलं आणि सरळ सांगायचं तर त्याला रडू आलं. चाचीनं स्वतः पाणी प्यायल्यावर आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग गुळाचा खडा दिला.

“जा बेटा. पुढं ऊन लई हाय.”

ऊन होतंच. दुपारचे दोन वाजले होते. डांबर मऊ होऊन बुटांना चिकटत होतं. झळा अशा यायच्या, की रस्ता पुढं पाण्यासारखा हलायचा. पोटात प्यालेलं पाणी डचमळत होतं, आणि चौथ्या घराच्या अलीकडं उजव्या पोटरीत गोळा आला. तो बांधावर बसला, पोटरी दोन्ही हातांनी चोळली, बसल्याबसल्या स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि उठला. शर्यतीत एखादा असा बसला असता तर तो त्याला हसून पुढं गेला असता.

पाचव्या घरापासून तो पळत नव्हता, पळाल्यासारखं करत होता. सहाव्याला तेही संपलं. लंगडत, मध्येच झाडाला धरत तो चालत होता. पण प्रत्येक घरी एकच घडायचं. तो प्यायचा, मग ते घर प्यायचं, आणि पाणी पिऊन झाल्यावर देणारा माणूस असा उभा राहायचा, जणू सात कोस तोच पळून आलाय.

सातवं घर घाटावर. निशाण निघतं तिथलंच, म्हणजे सगळ्यात आधी त्यानं टाळलेलं. पाच वाजून गेले होते. करंजाखाली बाजेवर गेनूतात्या कोळी पडला होता. वय अठ्ठ्याहत्तर. त्याची दोन्ही मुलं ओला पंचा त्याच्या कपाळावर ठेवून हातापाया पडत होती.

“आबा, एक घोट घ्या. त्यो गेला निघून कवाच.”

“यील.”

“न्हाई येत. सकाळी थांबला न्हाई त्यो.”

“सोमगीरचा चेला हाय. यील म्हटलं ना.”

हे हणमंतानं रस्त्यावरून ऐकलं. त्याचे पाय तिथंच अडले. तांबडं फुटल्यापासून हा म्हातारा त्याच्या नावावर तोंड बांधून पडला होता, आणि तो वर डोंगरावर मिनटं दाखवत उभा होता. तो तसाच रांगल्यागत बाजेपाशी गेला.

“तात्या, आलो.”

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. आधी त्यानं मुलांकडं बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं. मग उठून बसला. मुलगा तांब्या भरायला गेला तर त्याला हातानं मागं सारलं. स्वतः भरला. हात इतका कापत होता, की निम्मं पाणी हणमंताच्या शर्टावर सांडलं. हणमंत उरलेलं प्याला. मग त्यानं दोन्ही हातांनी तांब्या भरून म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरला.

गेनूतात्या प्याला. ओठ पुसले.

“चुकलं न्हाई,” तो मुलांना म्हणाला. “चुकलं का?”

“न्हाई, आबा.”

तेवढ्यात घाटाच्या चढावर मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून सोमगीर महाराज उतरले, खांद्यावर निशाण. वारा नव्हता, फडकं काठीला चिकटून लोंबत होतं. ते करंजाखाली आले आणि हणमंतासमोर उभे राहिले.

हणमंतानं उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. गेनूतात्याच्या मुलानं बखोटीला धरून उभा केला, तेव्हा कुठं उभा राहिला.

“महाराज, निशाण दुसऱ्या कुणाला तरी द्या,” तो म्हणाला. मान खाली होती, पण आवाज स्वच्छ होता. “मान तर माझा गेलाच. आणि खरं सांगतो, एक पाऊलसुद्धा आता मला पळवत न्हाई.”

“पळवत न्हाई?”

“न्हाई.”

“नक्की?”

“नक्की, महाराज.”

…

महाराजांनी निशाण खांद्यावरून उतरवलं, हणमंताच्या खांद्यावर ठेवलं आणि डोंगराकडं बोट केलं.

“मग आता निघ. चालत.”