तीन तासांचे दिवे

“अजून किती वेळ, वस्ताद?”

भरतेशनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. बाबालाल वस्तादांनी तिसऱ्यांदाही तेच उत्तर दिलं.

“दिवे हायत तोवर.”

सांगलीतल्या एका सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोघं बसले होते. म्हणजे वस्ताद बसले होते. भरतेश उठत होता, बसत होता, उगाच पकड पुसत होता, आणि पुन्हा उठत होता.

महिनाभर खपून त्यानं या इमारतीत आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवली होती. छताला धूर ओळखणाऱ्या डब्या, मजल्यामजल्यावर भोंगे, आणि वीज गेली की बॅटरीवर आपोआप लागणारे जिन्यातले दिवे. वस्तादांच्या हाताखाली अकरा वर्षं काढल्यावर हे पहिलंच काम त्यानं एकट्यानं केलं होतं. त्याचा त्याला इतका अभिमान होता की चहावाल्यालाही त्यानं एक भोंगा वाजवून दाखवला होता.

खिशात एक कागद होता. जयसिंगपूरचा एक बिल्डर त्याला तीन इमारतींचं काम द्यायला तयार होता. अट एकच. ‘हा गडी एकटा काम करू शकतो’ असं वस्तादांनी लिहून द्यायला हवं. मजकूर भरतेशनं स्वतःच लिहून आणला होता, स्वतःच्या कौतुकात कसलीही कसर न ठेवता. फक्त सही राहिली होती, आणि बिल्डर पाचपर्यंतच भेटणार होता.

“आधी दिवे बघतो,” वस्ताद म्हणाले होते. दोन वाजता इमारतीमागच्या मीटर रूममध्ये जाऊन त्यांनी जिन्याची वीज बंद केली. जिन्यातले दिवे झटकन लागले. वस्ताद परत आले आणि पायरीवर बसले.

भरतेशला वाटलं, पाच मिनिटं बघतील.

आता तीन वाजायला आले होते.

दिवे तीन तास टिकायला हवेत, असं कामाच्या कागदात लिहिलेलं होतं. पण ते कोण बघतो? प्रत्येक दिव्याचं बटण मिनिटभर दाबायचं, लागला की खूण करायची आणि पुढं जायचं. सगळे तसंच करतात. भरतेशनंही तसंच केलं होतं.

“वस्ताद, एक सांगू?”

“सांग की.”

“तीन तासांचं हे खूळ कुणी काढलंय कुणास ठाऊक. भोंगा वाजला की माणूस खाली पळतोय. तीन मिनिटांत बिल्डिंग रिकामी.”

“मोजलंस?”

“मोजलंय तर. सातव्यावरनं घड्याळ लावून उतरलो.”

“कोण उतरलं?”

“मीच.”

वस्तादांनी त्याच्या पायांकडं पाहिलं. मग पुन्हा दिव्याकडं...

भरतेशचा फोन वाजला. बिल्डर. “निघालोच साहेब,” असं सांगून त्यानं फोन पायरीवर आदळलाच जवळजवळ. जिन्याला एकही खिडकी नव्हती. आर्किटेक्टला बहुतेक ती सुचलीच नसावी. बाहेर लख्ख ऊन होतं आणि इथं मात्र त्या पांढऱ्या दिव्यांपलीकडं सगळा काळोख होता.

कठड्यांच्या मधल्या फटीतून तो सारखा वर पाहत होता. त्याला कारण होतं, आणि ते त्यानं वस्तादांना सांगितलेलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या मजल्यावर भोंगे बसवताना तिथली विजेची लाइन त्यानं आदल्या दिवसापासून बंद ठेवली होती. ती आज सकाळी चालू केली, तोवर तिथले दिवे बॅटरीवरच जळून विझले होते. तिथल्या बॅटऱ्या अर्ध्यासुद्धा भरलेल्या नसणार. मिनिटभराच्या बटणाला ते काय कळतंय? पण तीन तास...

“वस्ताद, सही करा ना. दिवे तर दिसतायत. मी काय पळून चाललोय?”

“बस खाली.”

“बसून काय होणाराय?”

“बघू.”

तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग थांबा. पुन्हा एक पाय. लिफ्टही तपासणीसाठी पाचपर्यंत बंद होती. तसा फलक दारातच लावलेला होता. त्यामुळं सहाव्या मजल्यावरच्या लीलाकाकू जिन्यानं उतरत होत्या. गुडघ्यांनी केव्हाच दगा दिलेला, एका हातात पिशवी, दुसरा हात कठड्यावर. त्या खाली पोचेपर्यंत भरतेशनं चारदा घड्याळ पाहिलं.

“पोचले एकदाची,” त्या म्हणाल्या. पिशवीत हात घातला, आणि कपाळावर मारून घेतला. “अगं बाई! चष्मा वरच राहिला की. डॉक्टरकडं जाऊन वाचू काय आता?”

“काकू, मी आणतो,” भरतेश म्हणाला. खरं तर त्याला तिथून उठायला निमित्तच हवं होतं.

“तुला सापडायचा नाही रे बाबा. मलाच सापडत नाही. तू तुझं काम कर.”

आणि त्या वळल्या. एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर.

वस्ताद त्यांना दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले. भरतेशच्या मनात आलं, काकूंना थांबवावं. चौथ्या मजल्याचं काही खरं नाही, असं सांगावं. पण मग ते वस्तादांच्या कानावर जाणार, आणि सही राहणार. त्यानं पुन्हा पकड पुसायला घेतली.

पंधरा मिनिटं गेली. चपलांचा आवाज वर वर जात बारीक झाला.

मग कठड्याच्या फटीतला वरचा उजेड एकदम मेला. चौथा गेला. पाठोपाठ पाचवा.

भरतेशनं मान वर केली ती तशीच राहिली.

वरून काहीतरी धप्पकन पडलं. एक चप्पल पायऱ्यांवरून आपटत खाली आली आणि मध्येच कुठंतरी अडकली.

“अगं आई गं...”

पुढचं भरतेशला नीट आठवत नाही. तो दोन-दोन पायऱ्या टाकत पळत सुटला होता एवढं खरं. तिसऱ्या मजल्यापर्यंत दिवे होते. त्यापुढं डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. फोन खालीच पायरीवर राहिलेला. भिंतीला हात लावत, पायानं पायऱ्या चाचपत तो चढत राहिला. स्वतःच लावलेल्या दिव्याला त्याचं डोकं आपटलं.

“काकू! काकू, कुठं आहात?”

“इथंच आहे. बसलेय. घसरले जरा.”

चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या पायऱ्यांवर त्याला त्यांचा हात सापडला. त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

“लागलं का काकू?”

“नाही रे. दिवे गेले ना एकदम, पायरीच दिसेना.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “कुणी लावलेत रे हे दिवे?”

भरतेशला एक क्षण वाटलं, कंपनीचं नाव सांगावं.

“मी,” तो म्हणाला. “मीच लावलेत, काकू.”

काकूंनी मनगट मात्र सोडलं नाही. त्या अंधारात त्याला जेवढी लाज वाटली, तेवढी उभ्या जन्मात वाटली नव्हती.

थोड्या वेळानं जिन्यातली नेहमीची वीज आली. वस्ताद मीटर रूमपर्यंत पोचले असणार. भरतेशनं काकूंची चप्पल शोधून आणली, त्यांना धरून सहाव्या मजल्यावर पोचवलं, चष्मा शोधला. तो फ्रिजवर होता. पाणी दिलं. पुन्हा एकदा पाय तपासला, गुडघा तपासला. मग त्यांचा हात धरून एकेक पायरी खाली आला. काकूंना रिक्षात बसवेपर्यंत चार वाजून गेले होते.

वस्ताद पुन्हा आपल्या पायरीवर येऊन बसले होते. त्यांनी भरतेशचा फोन पुढं केला. पाच मिस्ड कॉल.

भरतेशनं बिल्डरला फोन लावला.

“साहेब, आज येत नाही... इथले दिवे गेलेत. बॅटऱ्या मी नीट भरल्या नव्हत्या. त्या उद्या पूर्ण भरून पुन्हा तीन तास बघणार... हो, माहीत आहे... नाही, आज जमणार नाही.”

पलीकडून फोन कट झाला. बहुतेक कामही.

तो वस्तादांच्या शेजारी बसला. पहिल्यांदाच नीट बसला.

“लाइन बंद होती वस्ताद. मला माहीत होतं.”

“व्हय.”

“तुम्हाला कळलं होतं?”

वस्तादांनी हात पुढं केला.

“कागद आण.”

“आता काय करायचाय तो?”

“आण म्हणतोय न्हवं?”

भरतेशनं खिशातून कागद काढला. घामानं ओला झाला होता. वस्तादांनी तो मांडीवर सरळ केला, सगळा मजकूर वाचला, कौतुकाच्या दोन ओळी शांतपणे खोडल्या. आणि खाली सही केली.

भरतेश बघतच राहिला.

“वस्ताद... दिवे तर गेले. सही कशाची करताय?”

वस्तादांनी पेन खिशाला लावलं, कठड्याला धरून उठले.

“दार हितं खाली होतं, भरतेश... तू वर पळालास.”