म्हाळू शिंपी प्रेमकथा ऐकतो

एका गावात एक भोळा शिंपी राहत होता. त्याचं नाव म्हाळू. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा. एकदा सरपंच त्याला म्हणाले, "म्हाळू, या सदऱ्याला खिसा चांगला मोठा ठेव. माझा अख्खा संसार मावला पाहिजे." म्हाळूने खिसा गुडघ्यापर्यंत आणला. वर विचारलं, "पलंग मावतो का बघा, नाहीतर उसवून आणखी वाढवून देतो."

त्याच्या बायकोचं नाव गिरिजा. ती काजं करायची, बटणं लावायची आणि हात चालू असताना कानात इअरफोन घालून ऑडिओबुकं ऐकायची. तिला हलक्याफुलक्या प्रेमकथा आवडायच्या. गावातल्या बायका तिला विचारायला यायच्या, की बाई, या आठवड्यात काय ऐकू? गिरिजा दाताने दोरा तोडायची आणि निकाल द्यायची. "ती बेकरीवाली ऐका. नायक जरा बावळट आहे, पण वाचणारीचा आवाज असा, की दूध उतू जातं तरी कळत नाही. चार स्टार." किंवा म्हणायची, "ती अजिबात ऐकू नका. तो बुवा 'माझी राणी' असं म्हणतो, तेव्हा पाणीपट्टी थकल्याची दवंडी पिटतोय असं वाटतं."

गिरिजाला एकच दुःख होतं. गोष्टीतले पुरुष कसं मऊ मऊ बोलायचे. म्हाळू दिवसभरात "दोरा संपला" एवढंच बोलायचा, तेही संपला तरच.

एक दिवस ती म्हणाली, "अहो, तुम्हीही ऐकत जा. काहीतरी शिकाल." तिने त्याच्या कानात इअरफोन घातले आणि बेकरीवाली लावून दिली. म्हाळूने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

"कशी वाटली?"

"डाव्या कानात गुदगुल्या झाल्या."

"कानाचं कोण विचारतंय!" गिरिजा म्हणाली. "हे बघा, कुणी काही ऐकवलं, की शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. मग आवाज कसा होता, गोष्ट पटली का, ते खरंखरं सांगायचं. आणि स्टार द्यायचे."

"बरं," म्हाळू म्हणाला. आणि त्याने ते मनात घडी घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अनसाबाईंची सासू वारली. म्हाळू भेटायला गेला आणि अनसाबाईंच्या समोर मांडी घालून बसला. अनसाबाईंनी हंबरडा फोडला. "माझी माय गेली हो! लेकीसारखं जपलं हो मला! आता मला कोण घास भरवणार!" बराच वेळ त्या रडत होत्या. बाकीचे लोक उठून गेले. म्हाळू शेवटपर्यंत बसला. अनसाबाई थांबल्या तशी त्याने मान डोलावली.

"आवाज चांगला आहे," तो म्हणाला. "दम टिकतो. पण गोष्ट पटली नाही. गेल्या सोमवारपर्यंत तुम्ही दोघी चुलीवरून भांडत होतात. एकदम एवढं प्रेम कुठून आलं, ते नीट दाखवलं नाही. दोन स्टार."

अनसाबाईंचं रडणं थांबलं. त्यांचा नवरा उठला. म्हाळू घरी आला तेव्हा सदऱ्याची एक बाही त्याच्यासोबत आली नव्हती.

"अहो, रडणाऱ्या माणसाला स्टार देतात का?" गिरिजाने कपाळावर हात मारला. "डोळ्यांत पाणी दिसलं, की आपण मान खाली घालायची आणि हळू आवाजात म्हणायचं, 'वैऱ्याच्या घरीही असं होऊ नये.'"

"बरं," म्हाळू म्हणाला आणि त्याने तेही घडी घालून ठेवलं.

पुढच्या रविवारी सरपंचांच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाने मुलीच्या बोटात अंगठी घातली आणि सरपंचांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. म्हाळूला ते दिसलं. तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला, मान खाली घातली आणि म्हणाला, "सरपंच, वैऱ्याच्या घरीही असं होऊ नये."

मुलाची आई पेढा घेत होती. तिने तो परत ताटात ठेवला. "आम्हाला सांगितलं नाही असं काही आहे का?" तिने विचारलं. काही नाही हे पटवता पटवता सरपंचांची संध्याकाळ झाली.

"अहो, ते आनंदाचं पाणी!" गिरिजा म्हणाली. "मी नाही का, गोष्ट ऐकता ऐकता डोळे पुसते? माणसाच्या डोळ्यांत पाणी असलं आणि भोवतीचे लोक हसत असले, की समजायचं, आनंद आहे. मग टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, 'वा! पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!'"

"बरं."

त्या गावात रेळेकर मास्तर म्हणून एक निवृत्त हेडमास्तर होते. ते इतके कडक होते की त्यांच्यासमोर मोठी माणसंही शर्टाचं वरचं बटण लावायची. एक दिवस म्हाळू एस.टी. स्टँडवर उभा असताना मास्तर सायकलवरून तिकडे येत होते. समोर कुत्रं आलं, मास्तरांनी हँडल वळवलं आणि सायकलीसकट ते शेणखताच्या खड्ड्यात गेले. गुडघ्याला असा मार लागला, की डोळ्यांत पाणी आलं. स्टँडवरचे लोक तोंडावर हात ठेवून हसू लागले.

म्हाळूने मास्तरांचे डोळे पाहिले. मग लोकांकडे पाहिलं. त्याची खात्री पटली. त्याने टाळ्या वाजवल्या. "वा मास्तर! पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!"

मास्तरांनी खड्ड्यातूनच त्याच्याकडे बघितलं. शाळेत त्यांचं तसं बघणं ज्यांनी अनुभवलं होतं, ते दोघे-तिघे लगेच एस.टी.त जाऊन बसले. त्यांना कुठे जायचंही नव्हतं.

"माणूस पडला तर टाळ्या वाजवतात?" गिरिजा आता रडायच्या बेतात होती. "पडलेल्या माणसाला आधी उचलायचं! कपडे झटकायचे. आणि सगळ्यात जवळ जे घर असेल, तिथे नेऊन सोडायचं. कळलं?"

"कळलं," म्हाळू म्हणाला. या खेपेला त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मास्तरांना आपण उचलायला हवं होतं, असं तो रात्री जेवतानाही म्हणाला.

गिरिजाचा धाकटा भाऊ शेषराव त्यांच्याकडेच राहायचा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब. एक दिवस दुपारी गिरिजा गोष्ट ऐकता ऐकता थांबली, कानातले इअरफोन काढले आणि हळूच म्हणाली, "अहो, कुणाला सांगू नका. आपला शेषा प्रेमात पडलाय."

म्हाळूने मशीन थांबवलं. "कधी?"

"दिवाळीत."

"दिवाळीपासून तो तिथंच आहे?"

"तिथंच. वर यायचं नाव नाही." गिरिजाला हसू आलं. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा गमतीने बोलतोय असं तिला वाटलं. "रेळेकर मास्तरांची शैलजा आहे ना, तिच्या. तीही पडलीय. पण मास्तरांना कळलं, तर पोरीला उद्याच्या उद्या मामाकडे धाडतील आणि शेषाला या गावात राहू देणार नाहीत. दोघांनी जेवण टाकलंय हो."

म्हाळू उठला. त्याने चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"उचलायला."

गिरिजाला वाटलं, स्टँडवरून कापडाचा गठ्ठा उचलायला. तिने इअरफोन परत कानात घातले.

शेषराव आणि शैलजा शाळेमागच्या चिंचेखाली बसले होते. काय करावं, असं तो तिला विचारत होता आणि ती त्याला विचारत होती. तेवढ्यात म्हाळू आला. काही न बोलता तो खाली वाकला आणि त्याने शेषरावला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं.

"दाजी! अहो दाजी, काय करताय?"

"बोलू नकोस," म्हाळू कळवळून म्हणाला. "दिवाळीपासून पडलायस. मला कुणी सांगितलंच नाही रे." त्याने एका हाताने शेषरावची पँट झटकली.

शैलजा मागे धावली. "सोडा हो त्यांना! लोक बघतायत!"

"तुला चालता येतंय ना? मग चाल," म्हाळू म्हणाला. "मला दोघं एकदम झेपणार नाहीत."

सगळ्यात जवळचं घर रेळेकर मास्तरांचं होतं.

मास्तर ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. कानात इअरफोन, डोळे मिटलेले. रोज दुपारी ते असे बसत. मास्तर प्रवचन ऐकतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. म्हाळूने शेषरावला त्यांच्या पायाशी उतरवलं.

"मास्तर, तुमची मुलगी पडली होती. हा माझा मेव्हणा. हाही पडला होता. दोघं एकाच जागी पडले होते, म्हणून एका फेरीत आणले."

मास्तरांनी डोळे उघडले. मुलीकडे पाहून ते घाबरले. "कुठे पडलीस? लागलं का?"

म्हाळूने सांगितलं, "प्रेमात. दिवाळीपासून."

मास्तर ताडकन उठले. इअरफोनची वायर झोपाळ्याच्या कडीत अडकली आणि फोनमधून निघून आली. आणि भर ओसरीवर एका गोड बाईचा आवाज घुमू लागला. "'नाही बाबा, लग्न करीन तर त्याच्याशीच,' मीनल म्हणाली, आणि तिच्या गालांवर पहाट उगवली..."

मास्तर फोनवर बोटं आपटू लागले. आवाज आणखी मोठा झाला. कुंपणापाशी शेजारी जमले. शेषराव जमिनीकडे बघत होता. आता इथून जिवंत कसं जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

म्हाळू मात्र कान देऊन ऐकत होता. "ही बेकरीवाली आम्ही ऐकलीय, मास्तर. बाई छान वाचते. हसते तेव्हा खोटं हसत नाही. पण पुढे मुलीचा बाप अडून बसतो, ते काही पटलं नाही."

मास्तर संतापले होते. पण मास्तरांनी जन्मभर पेपर तपासले होते. बरोबर उत्तर समोर आलं आणि त्यावर खूण केली नाही, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"मलाही पटलं नाही!" ते गरजले. "मुलगा कमावता. निर्व्यसनी. मुलीला पसंत. मग बापाचं म्हणणं तरी काय? शेवटपर्यंत तो नाही म्हणतो आणि लेखिका कारणच देत नाही! त्या बापाला मी अर्धा स्टारसुद्धा देणार नाही."

फोनमधली बाई बोलतच होती.

"मग बाबा," शैलजा हळूच म्हणाली, "तुमचं कारण काय?"

मास्तर कारण शोधू लागले. त्यांनी शेषरावकडे पाहिलं. त्याच्या हातांना मोटारीचं काळं ग्रीस लागलेलं होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती वाळली होती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. ते पुन्हा झोपाळ्यावर बसले.

"आधी हे बंद कसं करायचं ते दाखव," ते शेषरावला म्हणाले.

शेषरावने दाखवलं. लग्न ठरलं.

ही बातमी ऐकली तेव्हा गिरिजा किती तरी वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस मी एकाही गोष्टीत ऐकला नाही." म्हाळूने विचारलं, "म्हणजे लग्नातही मी असंच काहीतरी करायचं का?"

"नाही!" गिरिजा दचकून म्हणाली. "लग्नात तुम्ही आपणहून काही म्हणजे काही करायचं नाही. मी सांगेन तेच करायचं. शब्दाच्या इकडे नाही, तिकडे नाही."

"बरं," म्हाळू म्हणाला.

लग्नाला सगळं गाव आलं. अनसाबाईही आल्या, पण म्हाळूपासून लांब बसल्या. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, होम पेटला. ओल्या लाकडांचा धूर मांडवभर झाला. पाटावर मधे शेषराव बसला होता. एका बाजूला शैलजा, दुसऱ्या बाजूला रेळेकर मास्तर. मास्तरांनी रुंद जरीकाठाचं नवं धोतर नेसलं होतं आणि धुराने त्यांचे डोळे गच्च मिटले होते.

सप्तपदीची वेळ झाली. आता नवऱ्याच्या शेल्याची आणि नवरीच्या शालूची गाठ बांधायची. ते काम नवऱ्याच्या बहिणीचं, म्हणजे गिरिजाचं. पण शेला रेशमी आणि शालूही रेशमी. गाठ बांधली की सुटायची. बांधली की सुटायची. भटजी घाई करू लागले. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, की ओवाळायचं ताट सापडत नाही. गिरिजा उठली. जाता जाता तिला म्हाळू दिसला.

"अहो, तुम्ही शिंपी ना? बघा जरा. शेल्याचं टोक शेजारच्या जरीच्या काठाला पक्कं करा. असं करा, की जन्मात सुटायला नको."

म्हाळूला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी त्याला त्याच्या धंद्यातलं काम सांगितलं होतं. त्याच्या टोपीत सुई-दोरा कायम असायचा. तो शेषरावच्या मागे बसला. शैलजाचा शालू एव्हाना तिच्या शालीखाली गेला होता. शेजारचा जरीचा काठ म्हणून जो समोर दिसला, तो चांगला वीतभर रुंद होता. म्हाळूने शेल्याचं टोक त्यावर ठेवलं. आधी सरळ टीप घातली. मग उलटी टीप. मग कडेने हातशिलाई. मग दोरा चौपदरी करून पुन्हा एकदा पहिल्यापासून.

"उठा," भटजी पोथीत बघत म्हणाले. "उजवं पाऊल पुढे."

शेषराव उठला. मास्तरही उठले. त्यांना उठावंच लागलं. शैलजाही उठली, पण नवऱ्याच्या मागची जागा भरली होती.

"जावईबापू, जरा थांबा," मास्तर कुजबुजले.

"सप्तपदीत थांबायचं नसतं!" भटजींनी धुरातून दटावलं. "चला. दुसरं पाऊल."

शेषराव पुढे चालला. मास्तर दोन्ही हातांनी धोतर कमरेशी धरून त्याच्या मागे चालले. शैलजा तोंडावर पदर घेऊन उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. गिरिजा ताट घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. सातवं पाऊल पडलं. भटजींनी पोथी मिटली.

"सप्तपदी पूर्ण झाली," ते म्हणाले. "आता शास्त्राप्रमाणे हा विवाह कुणालाही मोडता येणार नाही."

मग त्यांनी डोळे पुसले आणि वर पाहिलं.

भटजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी गिरिजाकडे पाहिलं. गिरिजाने म्हाळूकडे पाहिलं.

म्हाळू सुई टोपीत खोचत म्हणाला, "खुशाल ओढून बघा. सुटायची नाही."