किती राहिलं, वस्ताद?

माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहतील आणि शब्दही साधेच येतील. वाचणाऱ्यांनी त्याबद्दल आधीच क्षमा करावी. गोष्ट मात्र जशी ऐकली तशी सांगायची आहे.

एकदा एका शहरात एक वृद्ध वस्ताद राहत होते. त्या शहराला फुटबॉलचे वेड होते. तिथे साखरपुड्याची तारीख धरतानाही आधी सामन्यांचे वेळापत्रक पाहिले जाई. वस्तादांनी तरुणपणी ते वेड मनसोक्त जगून घेतले होते आणि उतारवयात ते एका महाविद्यालयाच्या मुलांना खेळ शिकवत. पद नाही, खुर्ची नाही. गळ्यात शिटी, मनगटावर चावीचे जुने घड्याळ आणि बोलणे मोजके. रोज संध्याकाळी ते आपल्याच मुलांचे दोन संघ करून सामना लावत आणि शेवटची पाच मिनिटे उरली की हात उंच करून पाच बोटे दाखवत.

त्यांचा एक शिष्य होता. आघाडीला खेळायचा. उजवा पाय असा की चेंडू त्याच्यापाशी आला की मैदानाच्या बांधावर बसलेली माणसे हातातला चहा खाली ठेवत. तो दुसऱ्या वर्षाला होता आणि पुढच्या वर्षी कप्तानपद त्याच्याकडेच येणार, हे सगळे धरून चालले होते.

पण त्या वर्षी कशाचाच धरबंध राहिला नव्हता. हंगाम संपला की पहिल्या चार महाविद्यालयांमध्ये चषकाचे सामने व्हायचे, ही तिथली जुनी रीत. तो चषक शहरातल्या एका व्यापाऱ्याने आपल्या वडिलांच्या नावाने ठेवला होता. त्या वर्षी व्यापारी म्हणाला, चार कशाला, आठ संघ घेऊ. पंधरा दिवसांनी आठाचे बारा झाले. महिन्याभरात सामने दुसऱ्या मोठ्या शहरात, दिव्यांच्या मैदानावर न्यायची भाषा सुरू झाली. शेवटी वेळ उरला नाही म्हणून यंदापुरते पुन्हा चारच ठरले. तेवढ्यात दोन मोठ्या महाविद्यालयांनी आपली वेगळी स्पर्धा काढायचे जाहीर केले. विद्यापीठाने महाविद्यालयीन फुटबॉल पुढे चालवावा की नाही, यासाठी एक समिती नेमली. समिती बसली, चहा झाला, आणि निर्णय कधी द्यायचा हे ठरवायला दुसरी समिती नेमून ती उठली.

अशात शिष्याला गोव्याच्या एका क्लबचे पत्र आले. शनिवारपासून तीन दिवस निवड चाचणी, पहिल्या दिवशी सकाळी हजर राहावे. आणि चषकाचा उपांत्य सामना होता रविवारी.

शिष्याचे डोके फिरून गेले. कॉलेजचा फुटबॉल टिकणार असेल तर राहावे, कप्तान व्हावे, पदवी पुरी करावी. बुडणार असेल तर आत्ताच गोवा गाठावे. पण गेलो आणि इकडे सगळे टिकले, तर ऐन वेळी संघाला दगा दिला असे जन्मभर ऐकावे लागेल. राहिलो आणि इकडचे बंद पडले, तर तेही गेले आणि हेही गेले. आणि रविवारी खेळताना गुडघाच गेला तर? एकदा पुढे काय होणार ते कळले की झाले, असे त्याला वाटे. म्हणून तो दिसेल त्याला विचारत सुटला. प्राचार्य म्हणाले, वरून पत्र येईल. क्रीडा विभागातला कारकून म्हणाला, पत्र आले आहे, पण ते मागच्या वर्षीचे आहे. पानपट्टीवाल्याने छातीठोकपणे सांगितले की दोन वर्षांत सगळे बंद, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच छातीठोकपणे सांगितले की आता तर परदेशातून संघ येणार.

गोलरक्षक इर्शाद त्याचा जिवलग. त्यालाही त्याने चार वेळा विचारले. पाचव्या वेळी इर्शाद वैतागला.

"जा की मग," तो म्हणाला. "तू तिकडं मासे खा. आम्ही हितं गोल खातो."

शिष्य हसला, पण ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखे रुतून बसले.

गुरुवारी संध्याकाळी तो सरावाच्या आधीच मैदानावर पोचला. व्यापारीही तिथेच होता. रविवारच्या मंडपासाठी जागा पाहायला आला होता आणि वस्तादांशेजारी बांधावर बसून पुढच्या वर्षीच्या तीन वेगवेगळ्या योजना समजावून सांगत होता. शिष्याने धीर करून त्यालाच विचारले की यातली नक्की कुठली. व्यापारी म्हणाला, तसे नक्की अजून काहीच नाही, पण नक्की होणार हे नक्की. मग शिष्य वस्तादांकडे वळला.

"वस्ताद, तुम्ही साठ वर्षं हा खेळ बघताय. खरं सांगा, कॉलेजच्या फुटबॉलचं किती राहिलं?"

 वस्तादांनी मनगटावरचे घड्याळ सोडले आणि व्यापाऱ्याच्या हातात दिले.

"शेठ, हे खिशात ठेवा. मी शिटी मारली की वेळ मोजत राहा. आणि मी विचारलं तरी किती झालं ते मला सांगू नका."

व्यापारी बुचकळ्यात पडला, पण त्याने घड्याळ खिशात टाकले. वस्ताद मैदानात उतरले, दोन संघ केले आणि शिटी वाजवली.

सुरुवातीला नेहमीसारखेच चालले. शिष्याच्या संघाने लवकर एक गोल केला. मग सवयीप्रमाणे मुलांचे डोळे वस्तादांच्या हाताकडे जाऊ लागले. पाच बोटे वर जायची वेळ झाली असावी, असे प्रत्येकाला आपापल्या हिशेबाने वाटत होते. कुणीतरी ओरडून विचारले, किती राहिलं वस्ताद? वस्ताद म्हणाले, मलाही माहीत नाही. शिष्याने चेंडू कोपऱ्यात नेला आणि त्यावर पाय देऊन उभा राहिला. संघ आघाडीवर असताना वेळ काढायला तो नेहमी असेच करायचा. पण वेळ संपेना. मिनिटभराने त्याचे त्यालाच अवघडल्यासारखे झाले. शेवटची पाच मिनिटे असती तर गोष्ट वेगळी, पण अजून अर्धा तास असला तर कोपऱ्यात किती उभे राहणार? त्याने चेंडू पुढे ढकलला.

त्यानंतर खेळ बदलला, पण कसा ते त्याला नीट सांगता आले नसते. पिछाडीवरच्या संघाने माना टाकल्या नाहीत, कारण माना टाकायची वेळ झाली की नाही हेच त्यांना कळत नव्हते. त्यांनी बरोबरी साधली. चेंडू बाहेर गेला तर दोन्ही बाजूंची मुले तो आणायला धावत होती. एकदा शिष्य स्वतःच्या गोलपर्यंत मागे धावत आला आणि इर्शादच्या पुढ्यातून चेंडू काढून घेऊन गेला. इर्शाद मागून म्हणाला, काय राव, वाट चुकलास काय? हळूहळू, किती राहिलं हे विचारायचे सगळेच विसरून गेले.

सूर्य इमारतीमागे गेला. शिष्याला मधोमध चेंडू मिळाला. एकाला चकवले, दुसऱ्याला चकवले, समोर फक्त पलीकडच्या संघाचा गोलरक्षक. त्याने पाय उचलला आणि शिटी वाजली.

तो तिथेच थांबला. रागाने त्याचा चेहरा लाल झाला. तो तसाच चालत वस्तादांपुढे गेला. एवढी चाल तरी पुरी होऊ द्यायची होती, असे तो धापा टाकत म्हणाला.

"शिटी कुठल्यातरी चालीच्या मधेच वाजते, पोरा," वस्ताद शांतपणे म्हणाले. "साठ वर्षांत मी ती सोयीच्या वेळी वाजलेली पाहिली नाही."

मग ते सावकाश खाली बसले आणि त्यांनी शिष्यालाही बसवले.

"मी पाच बोटं दाखवत होतो तेव्हा तुम्ही काय करत होता? जिंकणारे कोपऱ्यात उभे राहत होते आणि हरणारे बूट सोडायला लागत होते. त्या पाच मिनिटांत दोन वर्षांत कुणी खेळलं नाही. उरलेला वेळ कळला की माणूस खेळत नाही, वेळ काढतो. आज तू मागं धावलास. मी तुला शंभरदा सांगून जे झालं नाही, ते आज झालं. या खेळाचं किती राहिलं ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी तुला सांगितलं नसतं."

 शिष्य गवत उपटत म्हणाला, "मग मी जाऊ का राहू?"

"ते मी कसं सांगणार? जायचं तर खेळायला जा. राहायचं तर खेळायला राहा. घाबरून मात्र काहीच करू नको."

वस्तादांनी घड्याळासाठी हात पुढे केला आणि एकूण किती वेळ खेळ झाला ते व्यापाऱ्याला विचारले. व्यापाऱ्याने खिशातून घड्याळ काढले, त्याच्याकडे पाहिले आणि ओशाळून हसला. सुरुवात कितीला झाली हे बघायचेच राहून गेले होते, आणि नंतर खेळ रंगला तेव्हा घड्याळाची आठवणच झाली नाही. त्या दिवशी किती वेळ खेळ झाला, ते कुणालाच कधी कळले नाही.

शिष्याला सगळे उमगले असे नाही. गोंधळ होता तिथेच होता. कॉलेजचे काय होणार, चषकाचे काय होणार, त्याचे स्वतःचे काय होणार, यातल्या एकाचेही उत्तर त्याला मिळाले नव्हते. पण घरी जाताना त्याच्या ध्यानात आले की पानपट्टी मागे पडली आणि आपण काही न विचारताच पुढे आलो. रविवारी इर्शादसमोर कुणी एकटा चेंडू घेऊन आला, तर त्याच्यामागे धावायला आपण असावे, एवढेच त्याला वाटत होते. कुणाच्या भीतीने नव्हे. धावावेसे वाटत होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पत्रावरच्या क्रमांकावर फोन केला. रविवारी आमचा सामना आहे, तो खेळून रात्रीच्या गाडीने निघतो आणि चाचणीच्या शेवटच्या दिवशी, सोमवारी सकाळी पोचतो, असे सांगितले. पलीकडचा माणूस म्हणाला, सोमवारपर्यंत जागा राहील की नाही, ते आता सांगता येणार नाही.

"चालेल," शिष्य म्हणाला. "आमच्याकडंही तसंच आहे."

मग तो मैदानावर गेला. इर्शाद एकटाच गोलसमोर उभा होता. शिष्याने चेंडू ठेवला, दोन पावले मागे सरला आणि म्हणाला, "डाव्या पायानं मारतोय. अजून जमत नाही. अडव बघू."