गुंडूचं बूस्टर

लातूरच्या एका सोसायटीत नलूताईंचा म्हातारा कुत्रा गुंडू राहायचा. रेबीजची लस त्याला वेळेवर दिलेली होती. पण गेल्या वर्षी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगावरच्या बूस्टर लशीनंतर तो मरता मरता वाचला. म्हणून यंदा डॉक्टरांनी आधी त्याचं रक्त तपासलं. जुन्या लशीने तयार झालेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं अजून भरपूर होती, त्यामुळे बूस्टरची गरजच नव्हती.

अध्यक्ष बिडवेसाहेब मात्र सभेत गरजले, "रक्तबिक्त मला सांगू नका! वर्ष झालं की बूस्टर, नाहीतर कुत्रा बाहेर!"

नलूताई हसून म्हणाल्या, "साहेब, आज पाण्याचा टँकर मागवायचा का हो?"

"कशाला? मी स्वतः आत बघून आलोय. टाकी काठोकाठ भरलीय!"

"मग डॉक्टरांनी तरी दुसरं काय केलं?"

सभेत हशा पिकला. बिडवेसाहेबांनाही हसू आवरेना. गुंडू सोसायटीतच राहिला.